फिल्म-टीव्हीत कोणतं काम धरावं आणि ते शिकावं कसं: एका एडिटरचं उत्तर

तुमचा प्रश्न मला असा कळला: पदवी हातात आहे, चित्रपट किंवा टेलिव्हिजनच्या निर्मितीत काम करायचं हे पक्कं आहे, पण दिग्दर्शन, कॅमेरा, साउंड, एडिटिंग यांतलं काय धरावं ते ठरत नाही. आणि ठरलंच, तर दोन-तीन वर्षं फिल्म स्कूलला द्यावीत की थेट कोणाच्या तरी हाताखाली उभं राहावं?

मी एडिटर आहे. असिस्टंट म्हणून शिरलो, पुढे फीचर, मालिका, डॉक्युमेंटरी असं सगळंच कापलं. एडिटच्या टेबलावर बसणाऱ्याकडे सेटवरच्या झाडून सगळ्या विभागांचं काम येऊन पडतं. कोणी विचार करून केलंय आणि कोणी उरकलंय, ते तिथे लपत नाही. तेव्हा उत्तर त्याच खुर्चीतून देतो. या व्यवसायात कोणाचंच काम स्वतःपाशी संपत नाही. ते पुढच्याच्या हातात जातं आणि त्याला ते कितपत वापरता आलं यावर तुमची किंमत ठरते. विभाग निवडताना हे लक्षात ठेवा, शिकताना तर त्याहून जास्त.

आधी निवड. बहुतेक जण विभाग निवडतात तो पडद्यावर जे आवडलं त्यावरून. सुंदर फ्रेम पाहून कॅमेरा, अंगावर आलेला प्रसंग पाहून दिग्दर्शन. पण रोजचं काम कसं असतं ते पडद्यावर दिसत नाही. कॅमेरा विभागाचंच घ्या. सिनेमॅटोग्राफर होण्याआधी पुष्कळ जण काही वर्षं फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळणारा असिस्टंट, म्हणून काढतात. समजा फुल फ्रेम कॅमेरा आहे, ८५ एमएमची लेन्स आहे, अ‍ॅपर्चर (लेन्समधून प्रकाश आत येण्याचं भोक) १.४ ला, म्हणजे खूप मोठं उघडलंय आणि नट दोन मीटरवर उभा आहे. अशा वेळी फोकसमध्ये राहणारी जागा पुढची-मागची मिळून जेमतेम चार-पाच सेंटिमीटर असते. बोलण्याच्या भरात नट जरा पुढे झुकला की डोळे सॉफ्ट, म्हणजे धूसर, झालेच. रिहर्सलला तो झुकला नव्हता, हे कारण तिथे चालत नाही. फोकस पुलर टेपने अंतरं मोजतो, जमिनीवर मार्क लावतो, आणि टेक चालू असताना नटाच्या अंगावर नजर ठेवून असतो. हालचाल दिसल्यावर मग फोकस फिरवला तर उशीर झालेला असतो. हे काम दिवसभर, कोणी शाबासकी न देता, मन लावून करावंसं वाटत असेल तर कॅमेऱ्याकडे जरूर जा. फक्त फ्रेम सुंदर दिसते म्हणून जायचं असेल तर थोडं थांबा.

त्याच सेटवर मॉनिटरशेजारी स्क्रिप्ट सुपरवायझर बसतात, ज्यांना आपण सवयीने नुसतं ‘कंटिन्युटी’ म्हणतो. नव्या मुलामुलींपैकी हे काम मागायला क्वचितच कोणी येतं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं. ही व्यक्ती संहितेच्या पानावर प्रत्येक टेकसाठी वरून खाली एक रेघ ओढते. बोलणारा कॅमेऱ्यात दिसतोय तिथे रेघ सरळ, तो फ्रेमच्या बाहेर आहे तिथे नागमोडी. एका नजरेत मला कळतं की अमुक वाक्य कोणकोणत्या कोनांतून हाती आलंय. शेजारी टेकची नोंद असते: कोणता चांगला, कोणता अर्धवट तुटला, लेन्स कोणती, पेला कोणत्या हातात. आता एक प्रसंग पाहा. वाइड शॉटमध्ये बाई ‘मी जाणार नाही’ हे शब्द उच्चारता उच्चारता पेला उचलते. क्लोजअपमध्ये वाक्य संपवते आणि मग उचलते. सेटवर हे कोणाच्याच लक्षात आलं नाही, तर त्या वाक्यावर मला वाइडमधून क्लोजअपला जाता येत नाही. मग ऐकणाऱ्याचा चेहरा लावून वेळ मारून न्यावी लागते, आणि तिने क्लोजअपमध्ये दिलेला तो सुंदर क्षण हार्ड डिस्कवरच राहतो. चांगली सुपरवायझर हे पहिल्याच टेकला पकडते आणि नटाचा मूड न बिघडवता दिग्दर्शकाच्या कानावर घालते. तीक्ष्ण स्मरणशक्ती, चिकाटी आणि कधी बोलावं याचं भान असलेल्या माणसाने या कामाचा विचार करावाच. कथा कशी रचली जाते ते इतक्या जवळून पाहायला मिळणाऱ्या जागा सेटवर थोड्या असतात.

साउंडवाल्यांचं दुःख मला रोज ऐकू येतं. प्रकाशासाठी सगळे थांबतात, आवाजासाठी थांबायला सांगावं लागतं. प्रसंग संपला की साउंड रेकॉर्डिस्ट अर्धा मिनिट सगळ्यांना गप्प उभं करतो आणि त्या खोलीची नुसती शांतता रेकॉर्ड करतो. त्याला रूम टोन म्हणतात. नवख्यांना हा वेळेचा अपव्यय वाटतो. पण प्रत्येक खोलीच्या शांततेला स्वतःचा आवाज असतो. दोन संवादांमधून एखादी खोकल्याची उबळ काढली की तिथे पोकळी उरते, आणि ती भरायला त्याच खोलीची शांतता लागते. ती नसेल तर प्रेक्षकाला नेमकं काय खटकलं ते सांगता येत नाही, पण प्रसंगातून तो बाहेर पडतो. कानाने जगणाऱ्या, ‘एक मिनिट, मला अजून एक टेक हवा’ असं तीस-चाळीस घाईतल्या माणसांपुढे शांतपणे म्हणू शकणाऱ्या व्यक्तीसाठी हा विभाग आहे.

असिस्टंट डायरेक्टरच्या कामाबद्दल गैरसमज फार. नावात दिग्दर्शन असलं तरी फर्स्ट एडीचं, म्हणजे मुख्य असिस्टंट डायरेक्टरचं, काम शूटिंगचा दिवस चालवणं हे आहे. संहितेच्या पानाचे आठ भाग करून प्रत्येक प्रसंग मोजतात: दोन अष्टमांश, एक पूर्ण तीन अष्टमांश असा. एक पान म्हणजे पडद्यावर साधारण एक मिनिट, हा अंदाज. मग कथेचा क्रम बाजूला ठेवून वेळापत्रक बसवायचं: एका जागेचे सगळे प्रसंग एकत्र, रात्रीचे वेगळे, लहान मुलांचे त्यांच्या वेळा सांभाळून, नटांच्या तारखा जुळवून. निवांत चाललेल्या फीचरमध्ये दिवसाला दोन-तीन पानं होतात, मालिकेत त्याच्या कितीतरी पट उरकावी लागतात. आकडे, माणसं आणि घड्याळ एकाच वेळी डोक्यात ठेवणाऱ्याला हे काम मानवतं, आणि त्यातून उत्तम निर्माते तयार होतात. दिग्दर्शक मात्र या वाटेने आपोआप होता येत नाही. दिग्दर्शन करायचं असेल तर एडीचं काम करता करता स्वतःचं लिहीत आणि शूट करत राहावं लागेल.

लाइन प्रोड्युसर, प्रॉडक्शन मॅनेजर, अकाउंटंट, लोकेशन मॅनेजर यांच्याकडे कोणी स्वप्न म्हणून बघत नाही. तरी वाणिज्य किंवा कायदा शिकलेल्या व्यक्तीला तिथे लवकर पाय रोवता येतात. कला, वेशभूषा, मेकअप हे विभाग हाताने करणाऱ्यांचे. त्याबद्दल माझ्यापेक्षा त्या क्षेत्रातली माणसं नेमकं सांगतील.

टीव्ही स्टुडिओतलं मल्टिकॅमेरा काम हा निराळा स्वभाव आहे. कंट्रोल रूममध्ये चार-सहा कॅमेऱ्यांची चित्रं एकदम समोर असतात. दिग्दर्शक म्हणतो, ‘दोन स्टँडबाय... दोन,’ आणि स्विचरवर, म्हणजे कॅमेरे बदलण्याच्या बटणांवर, बसलेली व्यक्ती त्याच क्षणी दोन नंबरच्या कॅमेऱ्यावर कट देते. मी ज्या निर्णयासाठी अर्धा तास घेतो, तो तिथे श्वास घेईपर्यंत होतो, आणि लाइव्ह असेल तर परत घेता येत नाही. बातम्या, खेळ, कार्यक्रम यांत हे काम सतत असतं. काही जण त्या ताणात खुलतात, काही आठवड्यात गळून जातात. आपण कोणत्यातले हे एकदा कंट्रोल रूममध्ये मागे उभं राहिल्याशिवाय कळणार नाही.

पोस्टमध्ये, म्हणजे शूटिंगनंतरच्या कामात, माझ्या बाजूला, अंधाऱ्या खोलीत बारा-बारा तास त्याच वीस सेकंदांकडे पाहण्याची तयारी लागते. आज मनापासून लावलेला कट उद्या दिग्दर्शक काढेल, आणि परवा कदाचित तोच बरोबर होता असं म्हणेल. त्यात मान-अपमान आणला तर इथे टिकता येत नाही.

एक शारीरिक गोष्टही तपासून घ्या. कॅमेरा किंवा कलर ग्रेडिंगकडे (शूटिंगनंतर चित्राचे रंग जुळवण्याचं काम) जायचं असेल तर डोळ्यांची रंगचाचणी करून घ्या. लाल-हिरव्याची गल्लत अनेकांना वर्षानुवर्षं ठाऊकच नसते, आणि पुरुषांमध्ये तिचं प्रमाण बायकांपेक्षा बरंच जास्त असतं. साउंडसाठी श्रवणचाचणी. नंतर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

आता शिक्षण. जगातली पहिली चित्रपट शाळा मॉस्कोत १९१९ साली सुरू झाली. देशात यादवी होती, कच्च्या फिल्मचा तुटवडा होता. लेव्ह कुलेशोव्ह यांच्या वर्गातले विद्यार्थी ‘फिल्मविना फिल्म’ करत: शॉट आखायचे, रंगमंचावर शॉटसारखे तुकडे सादर करायचे. हाती असलेल्या जुन्या फिल्मचे तुकडे कापून पुन्हा वेगळ्या क्रमाने जोडायचे. आपण आज ज्याला कुलेशोव्ह इफेक्ट म्हणतो, म्हणजे त्याच भावहीन चेहऱ्याचा अर्थ पुढच्या शॉटनुसार बदलतो, ते याच काळातल्या प्रयोगांतून आलं. कॅमेरा नाही म्हणून शिकणं अडलंय, असं ज्यांना वाटतं त्यांना मी हे नेहमी सांगतो.

चांगली शाळा तीन गोष्टी देते: फसण्यासाठी वेळ, फसलेलं कुठे फसलं ते सांगणारा जाणता माणूस, आणि दुसऱ्या विभागांत शिकणारे सोबती. तिसरी गोष्ट सगळ्यांत मोलाची. वर्गात शेजारी बसलेला साउंडचा विद्यार्थी पुढे तुमचा आयुष्यभराचा रेकॉर्डिस्ट होऊ शकतो. सिनेमॅटोग्राफी, साउंड डिझाइन आणि लेखन-दिग्दर्शन यांसाठी, प्रवेश मिळत असेल आणि परवडत असेल तर, शाळेला माझं मत आहे. एडी, प्रॉडक्शन, लायटिंग, ग्रिप (कॅमेऱ्याचे स्टँड, ट्रॉली बसवणं) हे सेटवरच जास्त चांगलं शिकता येतं. एडिटिंग दोन्हीकडे शिकता येतं, पण असिस्टंट म्हणून काढलेल्या काळाला पर्याय नाही.

शाळा पारखताना जाहिरातीतली यंत्रसामग्री बघू नका. मागच्या तुकडीच्या पूर्ण झालेल्या फिल्म्स दाखवायला सांगा, आणि श्रेयनामावली नीट वाचा. प्रत्येक विद्यार्थ्याचं नाव वेगवेगळ्या कामांत फिरलेलं दिसतं का? शिकवणारे अजून स्वतः काम करतात का? एडिट सूट विद्यार्थ्याला रात्री मिळतो की वर्गाच्या तासापुरताच? फिल्म दाखवायला टाळाटाळ झाली तर तेच उत्तर समजा.

शाळेत जा किंवा जाऊ नका, हा एक अभ्यास मात्र आजच सुरू करता येईल. दोन माणसं, एक टेबल, दीड पानाचा संवाद. फोनवर शूट करा, पण आवाज दुसऱ्या फोनवर वेगळा रेकॉर्ड करा आणि प्रत्येक टेकच्या आधी फ्रेममध्ये टाळी वाजवा, म्हणजे चित्र आणि आवाज जुळवता येतील. कॅमेरा दोघांना जोडणाऱ्या काल्पनिक रेषेच्या एकाच बाजूला ठेवा. शेवटी रूम टोन घ्या. मग, आणि हा भाग चुकवू नका, सगळं फुटेज दुसऱ्या कोणाला तरी कापायला द्या आणि त्याच्या मागे तोंड मिटून बसा. तो काय शोधतोय आणि त्याला काय सापडत नाहीये ते लिहून काढा. ‘ऐकणाऱ्याचा शॉटच नाही.’ ‘कट म्हणायची घाई केली, शेवटचा भाव अर्धवट राहिला.’ ‘फाइलला नाव नाही.’ पुढच्या वेळी भूमिका बदला: तुम्ही आवाज घ्या, त्याने शूट करावं. चार-पाच वेळा असं केलंत की तुमचा विभाग कोणता हेही कळायला लागेल, कारण ज्या कामात इतरांच्या उणिवा भरून काढाव्याशा वाटतात तिथे तुमचं मन आहे.

कापण्यासाठी सुरुवातीला महागडं काही लागत नाही. डाविंची रिझॉल्व या एडिटिंग सॉफ्टवेअरची मोफत आवृत्ती शिकण्यासाठी भरपूर आहे. पुढे अ‍ॅव्हिड किंवा प्रीमियर जिथे जे चालतं ते शिकता येतं. बटणं बदलतात, विचार तोच राहतो. एक सवय जरूर लावा: आवडत्या चित्रपटातला तीन मिनिटांचा प्रसंग आवाज बंद करून पाहा आणि प्रत्येक कट कोणत्या क्षणी आलाय ते कागदावर मांडा. मग चित्र झाकून तोच प्रसंग नुसता ऐका. दोन्हींतून वेगळंच काही हाती लागतं.

हाताखालच्या कामात काय शिकायचं, तेही सांगतो. असिस्टंट एडिटरकडे कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड येतं तेव्हा त्याच्यावर एका दिवसाची सगळ्यांची मेहनत असते. कॉपी चेकसमने, म्हणजे प्रत मुळाशी तंतोतंत जुळते का हे आकड्याने तपासून, पडताळून घ्यायची, निदान तीन प्रती करायच्या, दोन वेगळ्या प्रकारच्या माध्यमांवर, आणि एक दुसऱ्या जागी ठेवायची. पडताळणी झाल्याचं स्वतः पाहिल्याशिवाय कार्ड फॉरमॅट करायला कोणालाही द्यायचं नाही, समोरचा कितीही घाई करो. मग सिंक (चित्र-आवाज जुळवणं), प्रॉक्सी (कापायला सोप्या हलक्या प्रती), बिन (क्लिप्सचे कप्पे), नावं. कट लॉक झाला, म्हणजे आता बदलायचा नाही असं ठरलं, की कोणता तुकडा कुठे वापरला ते सांगणाऱ्या फाइल्स पाठवायच्या: साउंडला एएएफ आणि ग्रेडिंगला ईडीएल किंवा एक्सएमएल. साउंडच्या क्लिप्सना दोन्ही टोकांना जास्तीचे फ्रेम्स सोडले नाहीत तर मिक्सिंगवाल्याला साधा फेडसुद्धा (आवाज हळूहळू चढवणं-उतरवणं) करता येत नाही. चित्र सुरू होण्याच्या बरोबर दोन सेकंद आधी एका फ्रेमचा बीप टाकायचा, म्हणजे पुढे कुठेही सिंक तपासता येतो. ब्रॉडकास्टला जाणार असेल तर आवाजाची पातळी कोणत्या मानकाने मोजणार ते आधी विचारून घ्यायचं. युरोपीय मानक ईबीयू आर १२८ असेल तर उणे २३ एलयूएफएस (आवाज कानाला किती मोठा वाटतो त्याचं माप). हे शिकवायला कोणी वर्ग घेत नाही. ज्या असिस्टंटच्या फाइल्स पुढे गेल्यावर एकही फोन येत नाही, त्याला पुढचं काम मिळतं.

इथे एक काळजीही बोलून दाखवतो. संवाद उतरवून घेणं, आवाजातला गोंगाट काढणं, रोटोस्कोपिंग (फ्रेमगणिक एखाद्या आकृतीची कड कापून काढणं) अशी कामं आता सॉफ्टवेअर भराभर करतं. वेळ वाचतो हे खरं, पण याच कामांवर बसून नवी माणसं फुटेज पाठ करायची. मी एका मुलाखतीचा मजकूर हाताने उतरवत असताना माणूस कुठे अडखळतो, कुठे खरं बोलतो ते कानात बसत असे. म्हणून मशीनकडून उतरवून घ्या, पण संपूर्ण फुटेज एकदा सलग बघितल्याशिवाय कापायला बसू नका.

पैशांचं स्पष्ट बोलायला हवं. यातलं बहुतेक काम फ्रीलान्स असतं. एक प्रोजेक्ट संपून दुसरं लागेपर्यंत महिने जाऊ शकतात, आणि कारण तुमच्या हातात नसतं. २०२३ साली अमेरिकेत लेखकांचा संप १४८ दिवस चालला, नटांचाही संप झाला, आणि ज्यांचा त्या वादाशी थेट संबंध नव्हता त्या लायटिंग, वेशभूषा, एडिटिंगवाल्यांचंही काम थांबलं. सुरुवातीला काही महिन्यांचा खर्च बाजूला नसेल तर चॅनेल, न्यूज किंवा कॉर्पोरेट व्हिडिओमधली पगारी नोकरी घ्यायला कचरू नका. तिथे हात सुटतो, डेडलाइन अंगात भिनते. फुकट काम एखाद्या सोबत्याच्या शॉर्ट फिल्मसाठी जरूर करा, जिथे कोणालाच पैसे मिळत नाहीत आणि सगळेच शिकतात. जिथे बाकी सगळ्यांना पैसे मिळतात आणि फक्त तुम्हाला ‘अनुभव’, तिथे नको. काम, दर, तास आणि श्रेयनामावलीतलं नाव, एवढं निदान एका ईमेलमध्ये लिहून घ्या.

तासांबद्दल मी हट्टाने बोलतो. १९९७ साली ब्रेंट हर्शमन हा अमेरिकन सहायक कॅमेरामन १९ तास काम करून गाडी चालवत घरी निघाला आणि वाटेत अपघातात गेला. २०१४ साली सारा जोन्स ही तरुण कॅमेरा असिस्टंट परवानगी नसताना रेल्वेच्या रुळांवर चाललेल्या शूटिंगमध्ये रेल्वेगाडी येऊन आदळल्याने गेली. दोघंही नेमक्या त्या जागांवर होती, जिथे तुमची सुरुवात होणार आहे. नव्या माणसाला ‘नाही’ म्हणायची भीती वाटते हे मला ठाऊक आहे. तरी जागा सुरक्षित आहे का, परवानगी आहे का, हे फर्स्ट एडीला सगळ्यांसमोर विचारण्याचा हक्क सगळ्यात खालच्या असिस्टंटलाही आहे. आणि झोप न झालेल्या अवस्थेत गाडी चालवू नका. तिथेच झोपा, दुसऱ्याला चालवू द्या, काहीही करा.

राहिलं पहिलं काम मागणं. ‘मला सिनेमाची आवड आहे’ अशा मजकुराचे मेसेज रोज येतात, आणि त्यांना काय उत्तर द्यावं ते मला खरंच सुचत नाही. पाच-सहा ओळी पुरेत: तुम्ही कोण, कोणत्या विभागात असिस्टंट म्हणून यायचंय, काय काय स्वतः करता येतं, कोणत्या तारखेपासून मोकळे आहात, आणि एका पूर्ण केलेल्या कामाची लिंक. एडिटिंगसाठी झगमगीत शोरील (कामातल्या निवडक तुकड्यांचा व्हिडिओ) पाठवू नका. गाण्यावर कापलेल्या नव्वद सेकंदांवरून मला काही कळत नाही. एक अख्खा संवादाचा प्रसंग पाठवा, तीन मिनिटांचा, आणि त्यात इतर कोणी काय केलं तेही लिहा. मोठ्या नावांनाच लिहायची गरज नाही. ज्यांच्याकडे या आठवड्यात खरोखर माणूस कमी पडतोय ते सहसा असोसिएट एडिटर, सेकंड एडी, फर्स्ट असिस्टंट कॅमेरा असतात, आणि नवा माणूस घ्यायचा निर्णय बहुधा तेच घेतात. उत्तर आलं नाही तर महिन्याभराने, नवं काही पूर्ण केलं असेल तर ते जोडून, पुन्हा एकदा लिहा.